संख्येचे गुण आणि अंकांचे गुण

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली, ही संख्या त्या यादीच्या बाहेर जाते आणि मोजायचीच झाली तर चौदाशे पंच्याहत्तर परार्धांच्या वर भरते. नुसते पाहून तिच्याबद्दल काय सांगता येईल? शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०९, म्हणजे ३ आणि ९ बाद. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांमध्ये १७चा फरक आहे, म्हणजे ११ही बाद. शाळेतल्या कसोट्या इथे संपतात. १०९ ही स्वतः मूळ संख्या आहे, पण त्या योगायोगातून पुढे काहीच निघत नाही.

आता हीच संख्या ० आणि १ एवढ्या दोनच अंकांत, संगणकाच्या द्विमान पद्धतीने लिहू. सगळा गोंधळ नाहीसा होतो आणि एकापुढे एक असे सदुसष्ट एक उरतात, मध्ये एकही शून्य नाही. ही संख्या म्हणजे २चा ६७वा घात, वजा १. दशमान पद्धतीत जिला चेहरामोहरा नव्हता तिला द्विमान पद्धतीत इतके ठसठशीत रूप यावे, यावरूनच माझ्या प्रश्नाला सुरुवात होते. संख्येचा गुण म्हणायचे कशाला? ती स्वतः जशी आहे त्याला, की आपण ती जशी लिहितो त्याला?

जी. एच. हार्डी यांचे उत्तर तयार होते. १९४० साली आलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी दोन नमुने दिले. एक असा : चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, २१७८ची चौपट ८७१२ आणि १०८९ची नऊपट ९८०१. दुसरा असा : १ सोडला तर १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ याच संख्या आपापल्या अंकांच्या घनांच्या बेरजेएवढ्या आहेत. हार्डींच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या कोडी-सदरात शोभतात, हौशी लोकांना त्यांत मौज वाटते, गणितज्ञाला घेण्यासारखे त्यांत काही नाही. त्या खऱ्या आहेत, पण त्यांतून व्यापक असे काही निघत नाही.

हार्डी हे लिहीत होते तेव्हा नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर नेमक्या याच प्रकारच्या गोष्टींना आयुष्य वाहून बसला होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते, पण पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. संशोधनासाठी वेळ होता तो शाळा सुटल्यानंतरचा. जगभर नाव झाले ते फार उशिरा, मार्टिन गार्डनर यांनी १९७५च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. आपल्याकडे कापरेकरांच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. ६१७४चे कौतुक, ‘गणितातली जादू’ असा मथळा आणि एक छायाचित्र, ही पहिली. दुसरी म्हणजे विद्यापीठीय वर्तुळातले मंद स्मित. दोन्हीकडे गृहीत एकच : अंकांचे खेळ एकीकडे, गणित दुसरीकडे.

मला ही विभागणी पटत नाही. हार्डींचा निकष वापरायला सोपा आहे : दहाचा पाया बदलून आठ किंवा बारा करा, गंमत नाहीशी झाली तर ती संख्येची नव्हतीच, आपल्या दहा बोटांची होती. पण पाया बदलल्यावर काय उरते हे पाहायला आधी पाया बदलून तरी बघावा लागतो. तो हार्डींच्याच उदाहरणात बदलून बघू.

१०८९ या संख्येत पहिला अंक १, मग ०, मग पायापेक्षा दोनने लहान अंक, मग एकने लहान अंक. आठाच्या पायात हाच साचा १०६७ असा होईल. तिला ७ने गुणले तर आठाच्याच पायात उत्तर येते ७६०१, नेमके उलटे. बारात, सोळात, कुठल्याही पायात हेच. कारण बीजगणिताच्या चार ओळींत हाती लागते : या साच्याच्या संख्येला पायापेक्षा एकने लहान अंकाने गुणले की उत्तर नेहमी ‘पायाचा वर्ग वजा १’ याचा पूर्ण वर्ग असते. दहात ९९चा वर्ग ९८०१. आठात ६३चा वर्ग ३९६९, आणि आठाच्या पायात ३९६९ म्हणजेच ७६०१. फार खोल सिद्धान्त आहे असे मी म्हणत नाही, पण ‘व्यापक काही निघत नाही’ हा आरोप टिकत नाही. हार्डींनी दुर्दैवाने असे उदाहरण निवडले ज्यातून निघत होते.

दुसऱ्या उदाहरणात मात्र ते बरोबर आहेत. १५३ आणि तिच्या तीन बहिणी का, याला शोधून पाहिल्या आणि एवढ्याच सापडल्या याहून चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे भेद आहेच. तो अंक आणि संख्या यांच्यातला नव्हे, कारण असलेल्या आणि कारण नसलेल्या गोष्टींतला आहे. अंकांत दिसलेल्या गमतीमागे पाया बदलला तरी टिकणारे कारण असेल, तर ती गंमत म्हणजे संख्येच्याच एखाद्या गुणाची आपल्या लिपीत उमटलेली खूण. तसे कारण नसेल तर ती कोडी-सदरात खुशाल राहू द्यावी.

६१७४ही याच कसोटीला लावायला हवी. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत जा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४. तीन अंकांत हेच स्थान ४९५ला आहे. पण पाच अंकांत असा एकच मुक्काम नाही, संख्या वेगवेगळ्या फेऱ्यांत अडकतात. कापरेकरांचे नाव ज्या संख्येशी कायमचे जोडले गेले ती त्यांच्या शोधांतली सर्वांत सखोल आहे असे मला वाटत नाही. सखोल गोष्टी त्यांच्या कमी गाजलेल्या कामात आहेत.

उदाहरणार्थ डेम्लो संख्या. डोंबिवलीच्या स्थानकावर कल्पना सुचली म्हणून त्या स्थानकावरून कापरेकरांनी दिलेले हे नाव. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, आणि असेच चढत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांवर हातचा मध्ये येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. हार्डी म्हणतील, बघा, दहाचा पाया म्हणूनच नऊपर्यंत चालले. बरोबर. पण मोडली ती शिडी, तिचे कारण मोडले नाही. एकांच्या ओळीला एकांच्या ओळीने गुणताना कुठल्या स्थानावर किती एक जमतात याची मोजदाद नेहमी १, २, ३ अशी वाढत जाऊन तशीच उतरते. ही गोष्ट कुठल्याच पायाची नाही. दहाचा पाया ती नऊपर्यंत जशीच्या तशी दाखवतो, द्विमानात ती दुसऱ्याच पावलाला हातच्याखाली झाकली जाते.

आणि ही एकांची ओळ हीच आपल्या एकवीस अंकी संख्येची सख्खी नातलग आहे. दहाच्या पायातले ११११… आणि द्विमानातले ११११… ही एकाच सूत्राची दोन रूपे. दोघींना नियमही एकच लागू पडतो : एकांची संख्या संयुक्त असेल तर सगळी ओळही संयुक्त, एकांची संख्या मूळ असेल तर मात्र काहीही होऊ शकते. दहाच्या पायात ११ मूळ आहे, १११ मूळ नाही (३ गुणिले ३७), सात एकही मूळ नाहीत (२३९ गुणिले ४६४९), आणि एकदम एकोणीस एक पुन्हा मूळ. द्विमानातली कथा याहून जुनी आहे आणि जास्त गाजलेली.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली यादी दिली : २चा कुठला घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते. २५७पर्यंतच्या घातांकांत त्याने ११ सांगितले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. पण हे सगळे ठरायला तीनशे वर्षे लागली. ऑयलरने १७७२ साली ३१चा निकाल लावला. १८७६ साली एदुआर ल्युका याने १२७ योग्य ठरवला आणि ६७ बाद केला.

ल्युकाने ६७ कसा बाद केला हे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्याने एकही अवयव काढला नाही. त्याच्या कसोटीला डेरिक लेमर यांनी १९३०मध्ये दिलेले सुटसुटीत रूप असे : ४ने सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. ३१साठी घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या : ४, १४, ८, ०. मूळ. २०४७साठी घातांक ११, नऊ पायऱ्या, शेवटी उरतात १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, पण कसोटीने २३चे नावही घेतले नाही. आणि ही कसोटी चालते कशामुळे? संख्येत १ मिळवला की २चा शुद्ध घात होतो यामुळे, म्हणजे द्विमानात सगळे एक असण्यामुळे. अंकांत दिसणारे रूप हा वरवरचा भाग असता तर ल्युकाच्या हातात काहीच नसते.

तेच रूप आणखी एक गोष्ट सांगते. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४च्या पटीपेक्षा एकने जास्त असायला हवा, आणि त्याला ८ने भागले तर बाकी १ किंवा ७च उरायला हवी. संख्येचे वर्गमूळ बारा अब्जांच्या पुढे आहे. तिथपर्यंतची प्रत्येक संख्या तपासायची वेळ या दोन अटींमुळे टळते. तरीही शोध सोपा होत नाही.

तो शोध फ्रँक नेल्सन कोल यांनी पुरा केला. ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव होते. १९०३च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बैठकीत त्यांचे व्याख्यान झाले. एरिक टेंपल बेल यांनी ते असे रंगवले आहे की कोल एक शब्द न बोलता फळ्याकडे गेले, २चा ६७वा घात काढून १ वजा केला, शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते जागेवर येऊन बसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असे पुढे बेल यांनी विचारले तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. बेल किस्से फुलवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, त्यामुळे शांततेचा तपशील ज्याने त्याने ठरवावा. गुणाकार मात्र कोणालाही कागदावर पडताळता येतो. लहान अवयव म्हणजे १३४ गुणिले १४,४५,५८०, अधिक १.

इथे आणखी एक फरक समोर येतो, आणि मला तो हार्डींच्या फरकापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘ही संख्या संयुक्त आहे’ हा गुण १८७६ साली कळला. ‘ती या दोन संख्यांचा गुणाकार आहे’ हा गुण सत्तावीस वर्षांनी. तर्काने पाहिले तर पहिले विधान दुसऱ्याचीच सावली आहे : अवयव असल्याशिवाय संयुक्तता कुठली? पण ज्ञानाच्या बाजूने पाहिले तर सावली आधी हाती येते आणि वस्तू नंतर, किंवा कधीच नाही. हा फरक तात्त्विक चैन वाटत असेल तर बँकेचे ॲप उघडावे. १९७७च्या ऑगस्टमध्ये त्याच मार्टिन गार्डनर यांनी त्याच सदरात रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची गुप्तलेखनाची पद्धत जगापुढे ठेवली, सोबत १२९ अंकी एक संख्या दिली आणि तिचे अवयव काढण्याचे आव्हान. ते १९९४ साली शेकडो स्वयंसेवकांचे संगणक इंटरनेटवरून जोडून पुरे झाले. पद्धतीचा सगळा जोर यावर आहे की गुणाकार चुटकीसरशी होतो आणि अवयव पाडायला जन्म जातो. दुसरीकडे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवले की संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि बेताच्या पायऱ्यांत ठरवता येते. अवयव काढण्यासाठी साध्या संगणकावर तशी पद्धत आजही कोणाकडे नाही, आणि ती असूच शकत नाही असेही सिद्ध झालेले नाही.

साधारण एकवीस अंकी संख्येच्या मानाने कोलची संख्या कशी आहे? या आकाराच्या दर शेहेचाळीस संख्यांमागे सरासरी एक मूळ असते. वेगवेगळे मूळ अवयव साधारण किती, याचे उत्तर १९१७ साली हार्डी आणि रामानुजन यांनीच दिले. त्या हिशोबाने इथे चारच्या आसपास यायला हवेत. कोलच्या संख्येला दोनच आहेत आणि दोन्ही धिप्पाड. कापरेकरांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ नाव दिले होते. १०९ या दोन अवयवांत नाही, म्हणून ही हर्षद नाही. याने तिचे काही बिघडत नाही. हर्षद असणे हा बहुतेक वेळा खरोखरच लिपीचा गुण आहे.

पण कापरेकरांच्याच नावाची दुसरी व्याख्या घ्या. २९७चा वर्ग ८८२०९. तो तोडून ८८ आणि २०९ मिळवले की पुन्हा २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. कारण शोधले तर ते ९९९मध्ये सापडते. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. २७ने २९७ला भाग जातो आणि ३७ने २९६ला, म्हणून २९७ गुणिले २९६ हा गुणाकार ९९९च्या पटीत येतो. तो गुणाकार आहे ८७९१२. हार्डींच्या ८७१२च्या मध्ये ९ घातला की हीच संख्या; एक ८८ गुणिले ९९, दुसरी ८८ गुणिले ९९९. ८७९१२ ही देखील स्वतःच्या उलट्या रूपाची, २१९७८ची, चौपट आहे. ज्याला हार्डींनी एकटे-दुकटे समजले त्याचे गोत असे लांबवर पसरलेले आहे.

आता ही व्याख्या द्विमानात न्या. २८ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४ मिळवले की २८च येतात. २८चा वर्ग ७८४, द्विमानात ११०००१००००. उजवीकडचे सहा अंक वेगळे केले तर डावीकडे १२ आणि उजवीकडे १६. बेरीज २८. पुढची परिपूर्ण संख्या ४९६. तिच्या वर्गाचे उजवीकडचे दहा द्विमान अंक तोडले तर २४० आणि २५६. बेरीज ४९६. युक्लिडच्या काळापासून माहीत असलेल्या साच्यातली प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमानात कापरेकर संख्या आहे. कारण २९७चेच : तिथे ९९९चे दोन तुकडे होते, इथे ६३चे ७ आणि ९, ७ने २८ला भाग जातो, ९ने २७ला.

मर्सेनचे ६७बद्दलचे म्हणणे खरे असते तर कोलच्या संख्येला २च्या ६६व्या घाताने गुणून आणखी एक परिपूर्ण संख्या मिळाली असती. ल्युकाने ती शक्यता संपवली. पण वरच्या कारणात संख्या मूळ असण्याची अट कुठेच नव्हती. तेव्हा परिपूर्णतेतून बाद झालेला तो एक्केचाळीस अंकी गुणाकार द्विमानात कापरेकर संख्या म्हणून अजून उभा आहे. कापरेकरांच्या जाळ्यात सम परिपूर्ण संख्या सगळ्या येतात, आणि त्यांच्यासोबत परिपूर्ण होता होता राहिलेल्याही. जाळे ढिले आहे अशी तक्रार कोणी करावी. ते निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही.

कोलचे रविवार आज संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत उरकतो, त्यामुळे हा सगळा प्रश्न जुना झाला असे वाटू शकते. तो फक्त पुढे सरकला आहे. २०२४च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या, २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, चार कोटींहून जास्त अंकांची आहे आणि ती मूळ असल्याची खात्री ल्युकाच्याच कसोटीच्या वारसांनी दिली. तिच्यापुढे २चा १२७७वा घात वजा १ अगदीच किरकोळ, जेमतेम ३८५ अंकी. ती संयुक्त आहे हे पक्के ठाऊक आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव २५५४च्या पटीपेक्षा एकने जास्त असणार आणि ८ने भागल्यावर १ किंवा ७ उरणार हेही ठाऊक आहे. २च्या १२७६व्या घाताने गुणली की ती द्विमानातली कापरेकर संख्या देणार, हे वरच्या दोन ओळींच्या कारणाने कोणालाही सांगता येईल. तिचा एकही अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही.